समुद्रापासून उलटं

समुद्र.
गोदावरीच्या मुखाजवळ मरून किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनची चरबी सत्यशीला प्रयोगशाळेत तपासायची. चरबीत कीटकनाशक, बीएचसी, साठलेलं असायचं. पिल्लं झालेल्या माद्यांत ते कमी, कारण बरंचसं दुधावाटे पहिल्या पिल्लात उतरलेलं.

नदी.
त्या विषाचा माग काढत डॉल्फिनपासून उलटं निघालं की गोदावरी, मग ओढे, मग सत्यशीलाचं गाव आष्टी.

घर, १९९४.
सत्यशीला सुट्टीवर आली तेव्हा धाकटी बहीण बेबीनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती. वडील साहेबराव ज्वारीच्या कणगीत टाकायला बीएचसीचा पुडा फोडत होते.

"अण्णा, हे काय?"

"औषध हाय. किडे लागत न्हाईत."

"मंग बेबीला द्या की चमचाभर. औषधच हाय ना?"

"येडी झाली का?"

सत्यशीलाने डॉल्फिनच्या दुधाचं सांगितलं.

"तो मासा कुठं, आपण कुठं!"

"मासा न्हाई, अण्णा. बेबीसारखीच लेकराला पाजती. अन् पहिल्या लेकराच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं."

साहेबरावांचा हात थांबला. त्यांनी बेबीनंदाकडे पाहिलं.

"पहिलं बाळंतपण माहेरचं. म्हंजे जिम्मा माझा." त्यांनी पुडा पुन्हा बांधला. "फेकू कुठं? नदीत?"

"बिलकुल न्हाई!" दोघी एकदम ओरडल्या.

"बरं, बरं. कणगीत कडुलिंबाचा पाला वाळवून टाकू."

"मंग त्याला औषध म्हणू का?" बेबीनंदाने विचारलं.

"पालाच म्हण. औषध म्हणलं की हात लई सैल सुटतो."