अजून थोडी कच्ची आहेस

नवऱ्यानं परीक्षेची तारीख पुढे ढकलायला सांगितली तेव्हा तिला राग आला नाही, उलट हायसं वाटलं. नेटवर्किंगमधली सगळ्यात वरची परीक्षा ती. दिवसभर यंत्रांपुढे बसून बिघडलेलं नेटवर्क सुरू करून दाखवायचं. तो ती केव्हाच पास झालेला, मोठ्या कंपनीत वरिष्ठ इंजिनिअर. मुलीच्या जन्मानंतर तिची नोकरी सुटली होती. पुन्हा उभं राहायचं तर घरातच गुरू असताना बाहेर कुणाला विचारायचं?

दर रविवारी मुलगी आजीकडे जायची आणि जेवणाच्या टेबलावर जुने राउटर मांडून तो तिला एक बिघाड सांगायचा. ती डोकं घालून बसायची, कधीकधी पार दिवेलागणीपर्यंत. उत्तर सापडलं की तो नीट ऐकून घ्यायचा, एखाद-दुसरी गोष्ट पुन्हा विचारायचा आणि म्हणायचा, "जमलं, पण वेळ फार घेतलास. अजून थोडी कच्ची आहेस."

"मग तयार झाले हे कळणार कसं?"

"मी सांगेन ना!"

त्याच्या शब्दावर तिनं दोनदा तारीख सोडली.

एका दुपारी त्याचा ऑफिसातला मित्र जेवायला आला. अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. नवरा बर्फ आणायला खाली गेला होता. पैलवान खुर्ची ओढून बसला.

"वहिनी, तुमचा नवरा जादूगार आहे हां! परवा त्या ट्रकवाल्या कंपनीचं नेटवर्क गोल गोल फिरत होतं. आमच्या अख्ख्या टीमनं शनिवारी हात टेकले. सोमवारी हा आला आणि तासाभरात सोडवून मोकळा! वर म्हणतो कसा, 'आपणच उठवलेली अफवा गल्लीभर फिरून आपल्यालाच खरी वाटावी, तसं झालंय. निघतानाच तिच्यावर खूण करा, म्हणजे परत आली की ओळखू येईल.' साहेब तर टाळ्या वाजवायला लागले."

तिच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. एका राउटरनं सांगितलेला मार्ग दुसरीकडून फिरून त्यालाच नवा म्हणून परत येत होता, हे रविवारी याच टेबलावर तिनं शोधलं होतं. अफवेची उपमाही तिचीच होती, शब्दान् शब्द.

"असं नेहमी होतं का हो, भावोजी?"

"सोमवारी हमखास! आम्ही म्हणतो, याला रविवारी देव भेटतो."

तिनं दोघांना पोटभर वाढलं. पैलवान गेल्यावर दार लावून ती वळली.

"रविवारचे प्रश्न तू ऑफिसातून आणत होतास."

"सरावाला खरेच प्रश्न चांगले असतात. पुस्तकात मिळाले असते तुला?"

"आणि कच्ची?"

"अगं, तू पास झालीस की नोकरीला लागणार. मग रविवारी कुठला वेळ असणार तुला?" तो अगदी सहज बोलून गेला. "मला जड गेलं असतं."

टाळ्या त्यानं घेतल्या, ते तिनं गिळलंही असतं. पण रविवारमागून रविवार आपण मठ्ठ आहोत असं समजून तिनं त्या टेबलावरची उष्टी उचलली होती. त्याला खरं काय ते ठाऊक होतं, आणि तो शेजारी बसून पेपर वाचत होता.

त्याच संध्याकाळी तिनं तारीख घेतली. कुणाला विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी दुपारी तिचे हात मध्येच थांबले. कुणीतरी 'बरोबर' म्हणावं म्हणून आपण वाट बघतोय, हे लक्षात येताच तिला स्वतःचीच चीड आली. मग प्रत्येक कमांड देण्याआधी पडद्यावर काय उमटेल ते ती मनाशी सांगू लागली. तेच उमटत गेलं. एकदा उमटलं नाही, तेव्हा चूक कुठं आहे तेही तिला लगेच कळलं. तयारी म्हणतात ती हीच, आणि ती आजची नाही, हे तिला जाणवलं. डोळे पुसून तिनं पुढचा प्रश्न घेतला.

ती पास झाली. सासूबाईंचा फोन आला. "त्यानंच तयार करून घेतलं म्हणे तुला?"

"हो. मी तयार आहे, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं."

सासूबाई खूश झाल्या.

नोकरी लागल्यावर तिनं ऑफिसजवळ दोन खोल्यांचं घर पाहिलं, स्वतःसाठी आणि मुलीसाठी. सामान हलवायला तो आला होता. त्यानं विचारलं, "रविवारी येऊ का?"

"मुलीला भेटायला ये," ती म्हणाली आणि खोकी आत घेऊ लागली.