नागूच्या शेतातलं वारूळ

मित्रांनो, मी एक जुनं वारूळ आहे. जोयडा तालुक्यात, नंदिगड्डे गावाजवळ, रानाला लागून नागूचं भातशेत आहे. त्याच्या कडेला मी उभं आहे.

वाळवीनं ओल्या मातीचा कण कण आणून मला बांधलं. बाहेरून मी नुसता ढीग दिसतं, पण माझ्या पोटात वाळवी पालापाचोळ्यावर बुरशीची बाग पिकवायची. पावसाळ्यात त्या बागेतूनच माझ्या अंगावर अळंबी उगवायची. एका रिकाम्या बोळात धामण राहायची आणि शेतातले उंदीर खायची. खवल्या मांजर येऊन मला खरवडायचं, पोटभर वाळवी खायचं. उरलेली वाळवी मला पुन्हा लिंपायची.

सुप्याच्या धरणात नागूच्या बायकोचं, रुक्माचं, माहेर बुडालं. त्यानंतरची ही गोष्ट. वाळवीनं नागूच्या भाताच्या कणगीचं बूड खाल्लं. तो चिडून बाजारातून विषारी पावडर घेऊन आला.

"नगा घालू," रुक्मा म्हणाली. "आत किती जीव हाईत."

"आनि कणगी रिकामी झाली तर आमी काय खायाचं?"

त्यानं भोकाभोकातून पावडर ओतली.

माझ्या आत सगळं शांत झालं. बाग सुकली. पाऊस आला तेव्हा भेगा लिंपायला कुणी उरलं नव्हतं. भिंती ढासळल्या, बोळ बुजला, धामण निघून गेली. खवल्या मांजर एकदा आलं, हुंगून परत गेलं.

सुगीनंतर घरात उंदीर माजले. वाळवीनं कणगीचं बूड खाल्लं होतं, उंदरांनी भातच खाल्लं. एका सकाळी नागू माझ्यापाशी येऊन बसला. मागून रुक्मा आली.

"धामण हितंच ऱ्हायची न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"कुठं गेली असंल?"

"घर मोडल्यावर कुठं जात्यात, ते मला इचारताय?"

नागू उठून घरी गेला. वाळवी लागू नये म्हणून त्यानं कणगी दगडांवर ठेवली, आणि पावडर पुन्हा आणली नाही.

काही वर्षांनी, पावसाच्या एका संध्याकाळी, रानातून पंखवाली वाळवी उडत आली. एका जोडीनं पंख गाळले आणि नवं घर करायला माझ्या पायथ्याशी माती उकरली. नागू तिथंच नांगरत होता. त्यानं पाहिलं, आणि बैल वळवले.

मी आता पुन्हा वाढतंय. धामण अजून आलेली नाही. मित्रांनो, नागपंचमीला लोक मला दूध वाहतात. दूध नको. नांगर घेऊन माझ्यापाशी आलात, तर तेवढा वळसा घालून जा.