बाजीची पंचमी

श्रावण शुद्ध पंचमी जवळ आली की भाटघरचा बाजी सासरी न जायचे बहाणे शोधायला लागायचा. एकवीस साली याच तिथीला पालीच्या आखाड्यात तिथल्या आनंदराव पैलवानांनी त्याला धोबीपछाड टाकून चितपट केलं होतं, आणि वर आपली लेक सारजा दिली होती. इथवर ठीक. पण सासरा मोठा खट! दरसाल पंचमीला जावयाला बोलवायचा, पुरणाची दिंडं चारायचा आणि गावासमोर तोच डाव त्याच्यावरच करून दाखवायचा. जावयाला उलटा डाव टाकायची चोरी.

अठ्ठावीस साली श्रावण अधिक आला. म्हणजे पंचम्या दोन! सण होता पुढच्या महिन्यात, निज श्रावणात. पण आनंदरावांना कुठला धीर? "पंचमी ती पंचमी," म्हणत त्यांनी अधिकातच सांगावा धाडला.

बाजी चडफडत गेला. आखाड्यात आनंदरावांनी शड्डू ठोकला, तोच सासूबाई ठकुबाई आडव्या आल्या.

"अवो, धोंड्याचा म्हैना हाय! जावई म्हंजी नारायण. द्येवाला आपटताय व्हय?"

गाव हिरमुसलं. बाजीनं हात जोडले. "मामा, मग औंदा तुमी बाजी व्हा, म्या आनंदराव व्हतो."

गाव खदाखदा हसलं. आता नारायणाला नाही कोण म्हणणार? आनंदराव पुढं झाले आणि बाजीनं सात वर्षांचं उट्टं एका झटक्यात काढलं. धप्प! सासरे आभाळ बघत पडले.

"आता ही माजी तिथी!" बाजी नाचायलाच लागला. "दरसाल!"

"दरसाल कुठली? अधिकातली तिथी ही," आनंदराव पडल्या पडल्या म्हणाले. "जोशीबुवा, परत कधी?"

जोशीबुवांनी बोटं मोजली. "एकोणीस वर्षांनी."

"आन माजी म्हैन्यानं. या जावईबापू!"

झालं! बाजी पुढं एकोणीस पंचम्या आपटला गेला. शेवटी शेवटी सासऱ्यांच्या अंगात जोर उरला नाही, तेव्हा तो आपला आपणच पडायचा आणि वर कण्हायचा.

सत्तेचाळीस साली अधिक श्रावण आला. सत्तरीचे आनंदराव काठी टेकत आखाड्यात शिरले, काठी बाजूला ठेवली आणि मातीत सरळ उताणे झाले.

"आज तुमची तिथी, जावईबापू. इतकी वर्सं तुमी आपनहून पडताय, ते काय मला दिसत न्हवतं?"

बाजीनं सासऱ्यांना उठवलं, त्यांच्या पाठीची माती झटकली.

"म्हैन्यानं येतो, मामा," तो म्हणाला. "पडायला."