चाचणीची गरज नाही

नर्सनं पेनाचं टोक कागदावर टेकवलं आणि मान वर न करताच विचारलं, "लग्न झालंय?"

"नाही," निशिगंधा म्हणाली.

"मग तुम्हाला त्या चाचणीची गरज नाही. बीपी, शुगर तपासून घ्या आणि जा."

दिवाळे गावच्या समाजमंदिरात बायकांसाठी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं तपासणी शिबिर होतं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अर्धी आळी बसलेली. त्यातल्या बऱ्याच जणींनी तिला फ्रॉकमध्ये हिंडताना पाहिलं होतं. चव्वेचाळीस वर्षांची, बेलापूरच्या सरकारी कचेरीत नोकरीला, भाऊ-भावजयीकडं राहणारी, बिनलग्नाची निशी. ती बाजूला सरकली. सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. पाळी नसतानाही हल्ली तिच्या कपड्यांवर डाग पडत होते. आणि कचेरीतला अभिराम कित्येक वर्षं तिच्या आयुष्यात होता. या दोन्ही गोष्टींची घरात कुणाला गंधवार्ता नव्हती.

पडद्यामागून तिची वहिनी पुतळा साडी सारखी करत बाहेर आली.

"काय नाय गो. उगाच घाबरत व्हते. तुजं झालं?"

"मला नको म्हणाल्या."

"मंग चल. भात टाकाचा हाय."

निशिगंधा दारापर्यंत गेली. एका चपलेत पाय घातला. मग तो बाहेर काढला.

"तू थांब वहिनी. आलेच मी."

पडदा म्हणजे दोरीवर टाकलेली चादर. तिच्याखालून पलीकडं थांबलेल्या पुतळाचे पाय दिसत होते. डॉक्टरबाई हातमोजे बदलत होत्या.

"माझीही तपासणी करा," निशिगंधा शक्य तितक्या हळू म्हणाली. "लग्न झालेलं नाही. पण... गरज आहे."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. "लग्नाचा प्रश्नच नाही यात. चुकीचं सांगितलं तुम्हाला. झोपा."

तपासणी होईस्तोवर ते पाय तिथून हलले नाहीत.

घरी जाताना पुतळा सुक्या बोंबलांच्या भावाबद्दल बोलत राहिली. तिनं काहीच विचारलं नाही आणि तेच निशिगंधाला जास्त लागलं. नंतरच्या दिवसांत भावानं, सुभाषनं, नुसती "निशी" अशी हाक मारली तरी ती दचकायची. वहिनीनं सांगितलं असेल का? जेवताना ती दोघांचे चेहरे न्याहाळत राही. भीती रिपोर्टची की वहिनीच्या तोंडाची, तिचं तिलाच कळेना.

शिबिराचा फोन ती कचेरीत असताना आला, रिपोर्टमध्ये गडबड होती. सीवूड्सच्या दवाखान्यात त्याच डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि काही दिवसांनी समोर बसवून सांगितलं, "हा कॅन्सर नाही. पण असंच राहिलं असतं तर पुढं झाला असता. तेवढा भाग काढून टाकू. संध्याकाळी घरी जाल. पुढं मात्र नेमानं तपासायचं. आणि त्या दिवशी सोबत कुणीतरी हवं."

कुणीतरी. अभिरामची बदली नागपूरला झालेली. हे फोनवर सांगावं, असं तिच्या मनानं घेतलं नाही.

संध्याकाळी पुतळा मोरीपाशी कोळंबी सोलत होती. निशिगंधा दारात उभी राहिली.

"वहिनी, गुरुवारी माझ्याबरोबर येशील? दवाखान्यात."

पुतळानं हातातली कोळंबी सोलून टोपात टाकली. "कवा निघाचं?"

गुरुवारी दुपारपर्यंत सगळं उरकलं. निशिगंधा ग्लानीतून जागी झाली तेव्हा पुतळा खाटेशेजारच्या स्टुलावर बसली होती आणि तिचा फोन वाजत होता. पुतळानं तो उचलला. सुभाषचा आवाज खाटेपर्यंत ऐकू येत होता.

"कुठं हाव दोघी? सकालपासून घराला कुलूप!"

निशिगंधानं डोळे मिटून घेतले.

"सीवूड्सला, दवाखान्यात," पुतळा म्हणाली. "पिशवीच्या तोंडाला जरा काय व्हतं, त्या शिबिरात कललं. डॉक्टरनी आज काढलं... माज्या, मंग कोनाच्या? निशी आलीय सोबतीला... नाय, नाय, येऊ नको. बरी हाय मी. संध्याकाली येतोच आमी."

तिकडचा आवाज एकदम बारीक झाला. पुतळानं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"रडाया लागला बावला," ती म्हणाली. "आता चार दिस मलाच झोपाया लागंल. करूं दे भात त्यालाच."

निशिगंधाला हसू आलं, पण ओठांपर्यंत पोचलं नाही. चादरीची कड तिनं मुठीत धरून ठेवली होती. पुतळानं ती मूठ उलगडून हात सरळ ठेवला. मग खिडकीबाहेर बघत विचारलं,

"त्याला कलवलंस?"

अभिरामचं नाव घरात कधीच निघालं नव्हतं, तरी कुणाला, असं निशिगंधानं विचारलं नाही.

"नाही."

"मंग कलव."

पुतळानं कापडी पिशवीतून निशिगंधाचा फोन काढून तिच्या हातात दिला आणि बाहेर जाताना दार ओढून घेतलं.