दोन कप्प्यांची पिशवी

तिसरीतली लेक चित्रकलेच्या तासाला बाकावर डोकं टेकून चक्क घोरली, आणि बाईंनी ते चार पालकांसमोर सांगितलं. शिवणकाम करणाऱ्या तिच्या आईला ते जिव्हारी लागलं. सूड घ्यायचा, हे तिनं वाटेतच ठरवलं. लेक रात्री उशिरापर्यंत ज्यावर कार्टून बघायची त्या टॅबवर की लेकीवर, एवढंच ठरायचं राहिलं.

घराला लागूनच असलेल्या आपल्या शिवणाच्या दुकानात शिरताच तिनं ताडपत्रीच्या तुकड्यात टॅब घातला आणि चारही बाजूंनी डबल टीप मारली. लेक बघत उभी होती. रडली नाही.

"बघ आता कार्टून," आई म्हणाली. तिला बरं वाटलं, शिक्षा केल्यावर वाटतं त्यापेक्षा जरा जास्तच.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाइकाचं माप बघायला तिनं मोबाइल चाचपला, तर तो जागेवर नाही. दुकानात कापड बेतणाऱ्या कटिंग मास्तरांनी रिंग दिली. आवाज चिंध्यांच्या पोत्यातून आला! आत ताडपत्रीची पुरचुंडी होती, हातानं शिवलेली. टाक्याला टाका भिडलेला, उलटी टीप. आईनंच शिकवलेली.

आईचा हात उगारला गेला.

"का केलं, ते विचार तरी," मास्तर म्हणाले. ते एरवी कापडाशीच बोलत.

लेकीनं मान वर केली. "टॅब शिवलास, तरी मला झोप येते का? तू रात्री शेजारी पडून मोबाइल बघतच असतेस. सगळा उजेड माझ्या तोंडावर. आता बघ तू रील."

आईनं हात खाली घेतला आणि कात्रीनं पुरचुंडी उसवायला घेतली.

"पोरी, माप चुकलं तुझं," मास्तर आईला म्हणाले. "लेकीचं घेतलंस, स्वतःचं राहिलं."

त्या संध्याकाळी आईनं जाड कापडाची पिशवी शिवली. एक कप्पा टॅबचा, एक मोबाइलचा. जेवणं झाली की दोन्ही आत, आणि पिशवी दुकानात. बटण लावायचा मान लेकीचा. तिनं दयामाया दाखवली नाही. "एकच मेसेज" म्हणणाऱ्या आईला तिनं आईच्याच आवाजात दटावलं.

महिन्याभरानं बाईंनी लेकीचं चित्र दाखवलं, पुन्हा त्याच चार पालकांसमोर. कोपऱ्यापर्यंत नीट रंगवलेलं. मधोमध तोंड उघडं टाकून घोरणारी आई!

हिशेब फिटला होता. आई सगळ्यांत मोठ्यानं हसली.

मुलांच्या झोपेचा चोर शोधायला निघालेल्या प्रत्येकानं आधी आपली उशी उचलून बघावी.