पंचविसावी फेरी

“मॅडम, आप सरकारी दफ़्तर में हैं ना? गिनती तो पक्की होगी आपकी?”

अहिल्या ठोसर त्या वेळी गुडघ्यांवर बसून ट्रॅक पुसत होती. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या रिंकवर जानेवारीत सकाळी सकाळी इतकं दव साचायचं, की ट्रॅक कुणी नुकताच धुऊन काढलाय असं वाटावं. त्यावरून स्केट्सची चाकं गेली की पोर थेट कठड्यावर. म्हणून रेसच्या आधी समस्त आईबाप जुने टॉवेल आणि फाटक्या चादरी घेऊन कामाला लागत. एरवी टेबलावरचा ग्लास उचलायला शिपायाला हाक मारणारी ही माणसं इथं ओणवी होऊन निमूटपणे जमीन पुसत.

तिनं मान वर केली. समोर स्केटिंग संघटनेचा एक सहायक उभा होता. अंगात निळं जॅकेट, बगलेत आकडे लिहिलेल्या पुठ्ठ्यांचा स्टँड. लॅप बोर्ड सांभाळणारा माणूस धुक्यामुळे कुठेतरी अडकून पडला होता आणि अर्ध्या तासात मुलींची पाच हजार मीटरची निवड रेस होती.

“मेरी बेटी दौड़ रही है इसमें,” अहिल्या म्हणाली.

“तो क्या हुआ? आपको जज थोड़े ही बनना है. बस पन्ने पलटने हैं.”

आता पानं उलटायची म्हटल्यावर अहिल्येला नाही म्हणवेना. सव्वीस वर्षं ती दुसरं करत काय होती! मंत्रालयाच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये ती चिकटली ती चिकटलीच. फाइल आली की तिच्यातल्या प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात क्रमांक घालायचा, हे तिचं काम. ऐकायला काहीच नाही. पण एक पान चुकलं की मागची चारशे पानं चुकतात, आणि मग कोर्टात सरकारचा वकील तोंडघशी पडतो. अहिल्येचं पान कधी चुकलं नव्हतं. “ठोसर मॅडम ने नंबर डाला है तो दोबारा मत देखो,” असं अंडर सेक्रेटरीसाहेबांनी एकदा सगळ्यांदेखत म्हटलं होतं. आयुष्यात मिळालेली ही एकच पदवी तिनं कुणाला सांगितली नव्हती. फक्त नवऱ्याला आणि मुलीला, आणि तेही दहा-बारा वेळाच.

ती बोर्डाजवळ खुर्चीवर जाऊन बसली. काम सोपं होतं. ट्रॅक दोनशे मीटरचा, म्हणजे फेऱ्या पंचवीस. सगळ्यांत पुढची मुलगी समोरची पांढरी रेघ ओलांडून गेली की एक पुठ्ठा उलटायचा, म्हणजे उरलेल्या फेऱ्यांचा आकडा दिसतो. आकडा एकवर आला की शेजारी उभा असलेला सहायक घंटा वाजवणार. घंटा म्हणजे शेवटची फेरी. जज लोक पलीकडे कागदावर वेगळी मोजणी ठेवत होते, पण पळणाऱ्या मुलीला कागद दिसत नाही. तिला बोर्ड दिसतो आणि घंटा ऐकू येते.

अक्षता वॉर्मअप करत जवळून गेली आणि आईला खुर्चीवर बघून वळून परत आली.

“आई, बोर्डवर तू? सुपर यार! मला टेन्शनच नाही मग.”

“दव नीट पुसलंय ना त्या टोकाला?”

“काय? हां, ओस. पुसलीये, पुसलीये.” दिल्लीत वाढलेल्या पोरीचं मराठी हे असं. “आई, घाबरू नकोस हं.”

अहिल्या हसली. घाबरण्यासारखं बरंच होतं. पहिल्या तिघी आशियाई स्पर्धेच्या संघात जाणार होत्या. अक्षताचं ज्युनिअर गटातलं हे शेवटचं वर्ष होतं आणि तिच्या वडलांनी, श्यामकांतनं, घरात स्वच्छ सांगून ठेवलं होतं, की संघात निवड झाली तर पुढचं बघू, नाहीतर बारावीची पुस्तकं काढा आणि स्केट्स माळ्यावर टाका. तो काही वाईट बाप नव्हता. अकरा वर्षं त्यानं काटकसरीनं चाकं बदलून दिली होती. पण त्यालाही कुठंतरी थांबायचं होतं.

सातव्या वर्षी अक्षता आर. के. पुरमच्या क्वार्टर्सभोवती पहिल्यांदा फेऱ्या मारू लागली, तेव्हापासून मोजणी अहिल्येकडे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं स्केचपेननं आकडे लिहिले होते. संध्याकाळी ऑफिसातून आली की पर्स खांद्यालाच आणि हातात ते कॅलेंडर. दुधाच्या बूथच्या कोपऱ्यावर पोरीचं हेल्मेट दिसलं रे दिसलं, की पान उलटायचं, म्हणजे जवळ येईपर्यंत तिला पुढचा आकडा वाचता येई. ऊन असो, थंडी असो, अकरा वर्षं. हातालाच ते काम पाठ झालं होतं.

शिट्टी वाजली. चौदा मुली निघाल्या.

पहिल्या अठरा फेऱ्या अहिल्येनं डोळ्यांत तेल घालून मोजल्या. घोळका रेघ ओलांडून गेला की एक पुठ्ठा. चोवीस, तेवीस, बावीस. अक्षता घोळक्याच्या मधोमध अंग चोरून पळत होती, प्रशिक्षक नीरज सरांनी सांगितलं होतं तशी. धुकं विरळ झालं, ट्रॅकवर थोडं ऊन आलं. बोर्डवर सात आला.

आणि त्याच फेरीत, पलीकडच्या वळणावर, अक्षता घोळक्यातून बाहेर पडली.

काय सुरेख निघाली ती! एक खांदा खाली, हात पाठीवर, चाकांचा आवाजसुद्धा नाही. वळण संपताना तिचं लाल हेल्मेट सगळ्यांच्या पुढे एकटं दिसू लागलं. आपली पोर पुढे आहे, एवढंच तिला दिसत होतं. दुसरं काही तिला दिसतच नव्हतं. हातानं त्याचं जुनं काम केलं. घोळका धडधडत रेघेवरून गेला, आणि हातानं आजचं काम केलं. सहायक मोबाइलमध्ये बघत होता.

अक्षता पुढेच होती. चार. तीन. दोन. अहिल्येनं एकचा पुठ्ठा उलटला, सहायकानं घंटा बडवली. अक्षतानं झेप घेतली.

“दो! दो बाकी हैं!” पलीकडे कठड्याशी एक प्रशिक्षक दोन बोटं नाचवत जिवाच्या आकांतानं ओरडत होता. त्याच्या दुसऱ्या हातात मोजणीचं यंत्र होतं. “मयुरा, दो हैं! रुकना नहीं!”

अहिल्येनं बोर्डाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. लाल हेल्मेट वळणावर दिसलं तेव्हा एक. रेघ ओलांडली तेव्हा दुसरा. मधला सहा तिनं वाचलाच नव्हता.

“अक्षू! अजून एक आहे!” ती उभी राहून ओरडली. पण घंटेचा आवाज अजून विरला नव्हता, त्यात चौदा जणींच्या चाकांचा गडगडाट आणि दोनशे आईबापांचा गलका. तिचा आवाज तिलाच धड ऐकू आला नाही. अक्षता आली, सगळ्यांच्या तीन हात पुढे, जीव काढून पळत. रेघ ओलांडली, एक हात वर केला आणि मग गुडघ्यांवर दोन्ही हात टेकून श्वास घेत ट्रॅकच्या कडेला सरकली.

मयुरा थांबली नाही. तिच्या मागच्या दोघीही थांबल्या नाहीत. जज उठून ओरडू लागले, “चलते रहो! एक और!” थांबलेल्या मुली गोंधळून पुन्हा धावल्या. अक्षताही धावली, पण काढून टाकलेला जीव परत कुठून आणणार? ती पाचवी आली.

पंधरा मिनिटांनी अहिल्या रेफरीच्या टेबलासमोर उभी होती. नीरज सरांनी आक्षेपाचा अर्ज लिहिला होता. बोर्ड चुकला असेल तर रेस पुन्हा घ्यावी लागते, असा नियमच होता. फक्त बोर्डवाल्यानं तसं लिहून द्यायला हवं.

“मैं लिखकर देती हूँ,” अहिल्या म्हणाली. “मुझसे गलती हुई. मैंने एक ही चक्कर में दो पन्ने पलट दिए.”

रेफरी उतारवयाचा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्यानं यादी पाहिली. “पाँचवें नंबर पर जो है, वो आपकी बेटी है?”

“जी.”

“वाह भई वाह!” मागे उभे असलेले मयुराचे वडील म्हणाले. “माँ गलती करे और बेटी को दूसरी रेस मिल जाए! हमारी लड़की का क्या कसूर? उसने तो ठीक गिना था.”

त्यांचं तरी काय चुकलं? अहिल्येला त्यांचा राग येईना. त्यांच्या जागी ती असती तर तीही हेच म्हणाली असती, थोडं सौम्यपणे इतकंच.

रेफरीनं नियमांचं पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं. खेळाडूच्या नातेवाइकाला पंचांच्या कामात बसता येत नाही. बसला, तर खेळाडू बाद आणि प्रकरण शिस्त समितीपुढे. समितीचा निकाल लागेपर्यंत त्या खेळाडूला कुठंही पळता येणार नाही.

“पर मैंने बताया था!” अहिल्या सहायकाकडे वळली. “मैंने कहा था ना आपसे, मेरी बेटी दौड़ रही है?”

निळ्या जॅकेटनं खांदे उडवले. “मुझे तो याद नहीं, मॅडम. इतने लोग हैं यहाँ.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतकं सहज खोटं बोलता येतं, हे तिला या वयात नव्यानं कळत होतं. नीरज सर खाली बघत होते.

रेफरीनं आवाज खाली आणला. “देखिए मॅडम, मुझे मालूम है आप सच बोल रही हैं. तीस साल से यही कर रहा हूँ, आदमी पहचानता हूँ. पर आपका ये सच मैं रखूँ कहाँ? लिखेंगी, तो आपका रिश्ता भी काग़ज़ पर आएगा. दोबारा रेस बाद में, पहले आपकी बच्ची बाहर. नहीं लिखेंगी तो कम से कम पाँचवीं तो है.”

त्यानं फेऱ्यांचा छापील कागद पुढे सरकवला. खाली एक ओळ होती: लॅप बोर्ड में कोई त्रुटि नहीं पाई गई. तिच्यापुढे सहीची रिकामी जागा.

अहिल्येनं ती ओळ तीनदा वाचली. न वाचता सही न करण्याची तिची सवयच होती. वाचून, समजून, धडधडीत खोट्याखाली सही मात्र ती पहिल्यांदाच करत होती. नाही म्हणावं, तर पोर बाद. हो म्हणावं, तर पोर हरलेली, आणि हरली ती स्वतःच्या चुकीनं, असं कायमचं लिहून दिलेलं. तिसरी वाट असेल म्हणून तिनं पुन्हा नीरज सरांकडे पाहिलं. ते अर्जाची घडी करून खिशात घालत होते.

तिनं सही केली. सवयीनं खाली तारीखही घातली.

अक्षता मागच्या पायऱ्यांवर बसली होती. हेल्मेट बाजूला, स्केट्स अजून पायांत. निकाल लागेपर्यंत स्केट्स काढायचे नाहीत, हा तिचा लहानपणापासूनचा नेम होता. आईचा चेहरा बघून निकाल तिला कळलाच असावा. अहिल्येच्या पर्समध्ये फोन वाजत होता. श्यामकांतच असणार. तिनं तो वाजू दिला.

ती अक्षताच्या खालच्या पायरीवर बसली आणि तिचा एक पाय मांडीवर घेऊन पट्टा सोडवू लागली. बोटं थंडीनं बधिर झाली होती. पट्टा सुटेना.

“अक्षू, माझ्या हातून चुकलं गं,” ती म्हणाली. “तू पुढे आलीस ना, तेव्हा मी तिकडे वळणावरच पान उलटलं. आपल्या बूथच्या कोपऱ्यावर उलटते तसं. आणि मग रेघेवर पुन्हा उलटलं. आणि आता तिथं सही करून आले, की काही चुकलंच नाही म्हणून. नाहीतर तुला बादच करत होते ते. मी काय करू, अक्षू? मला दुसरं काही सुचलंच नाही.”

अहिल्येनं पट्टा सोडवला, बूट काढला. घोट्यावर बुटाच्या कडेचा लालभडक वळ उठला होता. तिनं तो अंगठ्यानं हलकेच चोळला.

“मला माहितीये,” अक्षता म्हणाली.

“काय?”

“एक राउंड बाकी होता ते. मी मोजत होते ना आई, मी नेहमी मोजते. घंटा वाजली तेव्हा माझे तेवीसच झाले होते.”

अहिल्येचा हात थांबला. “मग थांबलीस कशाला गं, राजा?”

अक्षतानं नाक पुसलं. तिचा आवाज अगदी साधा होता. त्यात राग असता तर अहिल्येला बरं वाटलं असतं.

“मला वाटलं माझंच चुकलं असेल. बोर्ड तुझ्या हातात होता.”

अहिल्येला रडू आलं नाही. डोळे नुसते चुरचुरत राहिले. तिनं दुसराही बूट काढला. बॅगेतून लोकरीचे मोजे काढून एकेका पायात चढवले, आणि दोन्ही पावलं मांडीवर घेऊन त्यांवर शाल ओढली. ट्रॅकवर पुढची रेस सुरू होती. आता बोर्डाजवळच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलं होतं.

थोड्या वेळानं तिकडे घंटा वाजली. अहिल्येच्या मांडीवरची पावलं शालीखाली क्षणभर ताठ झाली आणि मग सैल पडली.