पाद्रीच्या पिसाची माशी

"ही नको. ही मिरवायची काठी आहे," असं म्हणत एतेल्विनाने माझ्या दुकानातली सगळ्यात महागडी गळाची काठी परत खुंटीवर अडकवली. "जो पहिल्यांदा नदीत उतरतो ना, त्याची दे."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. आणखी कोण दिसतंय तुला?"

दिसत होता ना. कोपऱ्यात बेलार्मिनो नायलॉनच्या तंगुसाची रिळं उगाच चाळत उभा होता. तो फिदीफिदी हसला. "काय एतेल्विना, कोंबड्यांना पोहायला शिकवतेस की काय?"

"नाही रे. इतकी वर्षं तुला जे जमलं नाही, ते मला जमतंय का बघते."

बेलार्मिनोने रिळांत पुन्हा डोकं खुपसलं.

आमच्या कुरुएन्यो नदीच्या खोऱ्यात काही कोंबडे हंडीसाठी पाळत नाहीत, पिसांसाठी पाळतात. त्यांच्या पाठीचं चकचकीत पीस गळाला बांधलं की पाण्यावर ते जिवंत किड्यासारखं तरंगतं आणि ट्राउट मासा फसतो. पीस बांधलेल्या अशा गळाला आम्ही माशी म्हणतो. एतेल्विनाच्या कोंबड्यांची पिसं साऱ्या खोऱ्यात नावाजलेली. चाळीस वर्षं पुरुषमंडळी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिची वाईन प्यायची आणि तिच्याच पिसावर धरलेल्या माशांच्या बढाया मारायची. ती चुलीपाशी उभी राहून ऐकायची. नदीवर मात्र तिला कोणी नेलं नाही. बाईच्या सावलीने मासे बुजतात, असं तिचा नवरा सेकुंदिनो म्हणायचा. तो जाऊन दोन वर्षं झाली होती.

आणि आता येत्या सोमवारी तिचा मुलगा रोबेर्तो तिला हिखोन शहरात न्यायला येणार होता. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, समोर समुद्र. कोंबडे भाचीला देऊन झाले होते.

"जायच्या आधी एक मासा धरायचाय मला," ती म्हणाली. "माझ्या पिसावर, माझ्या हाताने. एकच."

तिने पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मलाही हसू येत होतं, ते मावळलं.

"परवाना?"

"काढलाय. कचेरीतल्या पोरीने दोनदा विचारलं, नाव नवऱ्याचं लिहू का म्हणून."

"मग माझी जुनी काठी ने ना. एका दिवसासाठी कशाला खर्चात पडतेस?"

"एका दिवसासाठी असं कोण म्हणालं?"

मी एक मध्यम काठी काढली, फार ताठ नाही आणि फार लवचीकही नाही. ताठ काठी नवख्याचा हात दुखवते. चकरी साधीच दिली, कारण तिचं काम दोर गुंडाळून ठेवण्यापुरतंच. पैसे घालायचे ते दोरावर. माशीला स्वतःचं वजन नसतं, जड दोरच तिला पुढे घेऊन जातो. दोराच्या टोकाला बारीक तंगूस. कमरेपर्यंतचे रबरी बूट बायकांच्या मापाचे माझ्याकडे नव्हतेच. तिने पुरुषांचा सगळ्यात लहान जोड घेतला. "दोन मोजे घालीन," म्हणाली.

माश्यांची पेटी उघडली मात्र, बाई वेगळीच झाली. एकेक माशी उजेडात धरून बघायला लागली. "हा तांबड्या. गेल्या हिवाळ्यात कोल्ह्याने नेला बिचाऱ्याला. आणि हा पाद्री! मेला चावरा आहे नुसता."

"अगं, मासा कोंबडा ओळखत नाही. नदीवर ज्या किड्याचे दिवस असतात, त्याच्यासारखी माशी लागते."

"मग त्या किड्यासारखी पाद्रीच्या पिसाची नाही का होत?"

होत होती. पाद्रीच्या पिसाच्या चार बांधून दिल्या, वर माझ्या पसंतीच्या दोन काळ्या.

आठवडाभर मी तिला तिच्याच अंगणात शिकवलं. खुराडी रिकामी झाली होती. पाद्री एकटाच उरला होता, कारण त्याला घ्यायला भाची तयार नव्हती. दोराच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा झुबका बांधला होता. तो जमिनीवर पडला की पाद्री त्याच्यावर तुटून पडायचा.

"दोर मागे सरळ होऊ दे, मग पुढे टाक. आणि माशाने माशी घेतली की झटका द्यायचा नाही. दुधावरची साय काढतेस ना, तसा हात नुसता उचलायचा."

"कळलं रे बाबा. किती वेळा सांगशील?"

रविवारी दुपारी आम्ही नदीवर गेलो. पाद्रीच्या दोन माश्या झाडांनी खाल्ल्या, एक खडकात अडकली. मग एतेल्विना शेवाळावरून घसरली आणि कमरेएवढ्या पाण्यात धपकन बसली. मी पुढे झालो. "दे इकडे, एकदा टाकून दाखवतो."

"हात लावशील तर बघ!"

उन्हं कलली. पाद्रीची शेवटची माशी तिने टाकली आणि ती नेमकी झाडाच्या सावलीत, अलगद, पाण्यावर बसली.

"तरंगतंय," ती कुजबुजली. "फ्रोइलान, बघ ना, तरंगतंय."

पाणी फुटलं. माशी दिसेनाशी झाली. आणि एतेल्विनाच्या हाताने झटका दिला.

त्या हाताला दुसरं माहीतच नव्हतं. कोंबडा मांडीत धरून पीस उपटायचं ते एका झटक्यात. हळू ओढलं तर त्याला दुखतं. चाळीस वर्षं तो हात हेच करत आला होता. तंगूस तुटलं आणि मासा पाद्रीचं पीस घेऊन गेला.

"उपटलं मी," ती म्हणाली. मग उभ्या उभ्या रडली, लपवालपवी न करता. शेवटी ओल्या बाहीने नाक पुसलं. "दिसलं पण मला. पाण्यावर कसं बसतं ते दिसलं. बांध दुसरी."

"पाद्रीची संपली."

"मग काळी बांध."

दिसेनासं होईपर्यंत ती टाकत राहिली. एकही मासा वर आला नाही.

सोमवारी रोबेर्तोने सामान गाडीत भरलं. काठी तिने डिकीत ठेवू दिली नाही, मांडीवर घेऊन बसली. पोत्यात बांधलेला पाद्री तिने खिडकीतून माझ्या हातात दिला. खोऱ्याबाहेर नेलेल्या कोंबड्याच्या पिसाची चमक जाते, असं आमच्याकडे सगळेच मानतात.

"याला सांभाळ. पिसाला हात लावू नकोस, तुझा हात जड आहे. आले की मी बघेन."

गाडी पुलापलीकडे गेली. मला वाईट वाटलं, फारच वाईट वाटलं. घरी येईपर्यंत पाद्री मला दोनदा चावला.

जानेवारीत रोबेर्तोचा फोन आला. "फ्रोइलानकाका, तुम्हीच आईला समजवा आता. रोज सकाळी ती काठी घेऊन किनाऱ्यावर उभी राहते, टोकाला लोकर बांधून. लोक बघत बसतात. कुत्री मागे लागतात."

"दोर सरळ जातो का?"

"काय?"

"दोर, दोर. मागे सरळ होऊ देते का?"

"हो... देते बहुतेक. आत्ताही खाली तेच चाललंय. खिडकीतून दिसतेय मला."

"मग नीट बघ. शेवटी झटका देते की हात नुसता उचलते?"

पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"हळू उचलते," रोबेर्तो म्हणाला. "अगदी हळू."

"मग राहू दे तिला," मी म्हणालो. फोन ठेवला आणि पाद्रीला दाणे टाकायला बाहेर गेलो. त्याच्या पाठीवर नवी पिसं भरून आली होती.